भिंतीवरून गेलेलं पाणी

“शालन, तुझ्या बाजूचं स्टूल सरकव. आणि भिंतीला धक्का लावू नको, न्हाईतर उद्या आपण दोघं कोर्टात.”

भिंतीच्या वर आधी आबांची पांढरी टोपी दिसली, मग चष्मा, आणि मग त्यांनी दोन्ही हातांत तोलून धरलेली ती वस्तू. काचेसारख्या प्लास्टिकची चौकोनी नळी होती, तळहात मावेल एवढी रुंद, आणि तिचे दोन्ही पाय खाली वळलेले. मी कणकेचे हात घेऊन व्हरांड्यात आले होते, ती तशीच उभी राहिले.

“हे काय आणलंत आबा?”

“पूल.”

“कशाचा?”

“माशांचा. कोल्हापुरातनं करून आणलाय, दुकानाच्या पाट्या करणाऱ्याकडनं. तो इचारत हुता, यावर अक्षरं काय घालू म्हणून.”

आबा म्हणजे माझे सासरे, गणपतराव इंगवले. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यांवर गेली. रिटायर झाल्यावर कराडात हे घर बांधलं, दोन मुलं दोन बाजूंना राहतील आणि मधे आपण बसू अशा बेतानं. बेत माणसाचा, पार पाडणारे दुसरेच. थोरले हिंदुराव आणि धाकटे जयसिंग, म्हणजे आमचे हे, वर्षभरात एकमेकांना पाण्यात बघायला लागले. भांडण परसातल्या जागेचं, जिथं बोअर मारलेली होती. व्हरांड्याच्या मधोमध माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीची भिंत उभी राहिली, चूल वेगळी झाली आणि शहाण्यानं चढू नये ती पायरी दोघंही चढले. कोर्टानं निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे ठेवा म्हणून सांगितलं. भिंत पाडायची नाही, वाढवायची नाही, तिला भोक पाडायचं नाही.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण आबांना साक्षीला बोलावलं, आणि आबांनी बोअर थोरल्यानं मारली असं सांगितलं. खरं होतं ते. माझ्या नवऱ्यालाही ते ठाऊक होतं. पण बाप आपल्या विरुद्ध उभा राहिला एवढंच त्यांना दिसलं. कोर्टाच्या आवारात, वकिलांच्या आणि पक्षकारांच्या देखत ते आबांना म्हणाले, “यापुढं तुमचा माझा संबंध संपला. तुमच्या तोंडात पाणी घालायला पण मी येणार न्हाई.”

मी शेजारीच होते. आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि रिक्षात जाऊन बसले. त्या दिवसापासून बापलेकांत एक शब्द नव्हता. आबा थोरल्यांकडे राहत, म्हणजे आमच्यापासून नऊ इंचांच्या विटेपलीकडे. सकाळी त्यांचं खाकरणं ऐकू यायचं, आमचे हे चहाचा कप घेऊन आत निघून जायचे. मला मात्र आबांनी कधी तोडलं नाही आणि मीही नाही. नवऱ्याचा हुकूम मी ऐकते, पण सगळाच ऐकायला लागले तर घर कसं चालेल?

माशांचं असं होतं, की आबांची मोठी काचेची टाकी व्हरांड्याच्या मध्यभागी होती आणि भिंत नेमकी तिथूनच गेली. त्यांचा जीव त्या केशरी गोल्डफिशवर. वाटणीच्या रागात आमच्या ह्यांनी माशांचीही वाटणी मागितली. आबांनी वाद घातला नाही. तशीच दुसरी टाकी आणली, तेवढ्याच उंचीच्या लोखंडी घोडीवर भिंतीला लागून आमच्या बाजूला ठेवली आणि निम्मे मासे बालदीतून पाठवून दिले. तेव्हा जाऊबाई मला म्हणाल्या होत्या, “आता कढीपत्त्याचं झाड तेवढं राहिलं बघ. ते करवतीनं उभं कापतील.”

जाऊबाई म्हणजे इंदूताई. कोर्टात त्यांचा नवरा वादी आणि माझा प्रतिवादी. आम्ही दोघी दुपारी भिंतीवरून एकमेकींना भाजी द्यायचो आणि संध्याकाळी पुरुष आले की ओळख नसल्यासारख्या वागायचो.

“आबा, ह्यांना विचारलंत?” मी म्हटलं.

“मी बोलतो का त्याच्याशी? तोच बोलत न्हाई माझ्याशी. टाकी तुझी, मासे तुझे. तुला चालतंय का सांग.”

मी स्टूलवर चढले. नळीचा एक पाय त्यांच्या टाकीत आणि एक आमच्या टाकीत, वीतभर पाण्यात बुडालेला. मधला आडवा भाग भिंतीच्या वरून, दोन्हीकडच्या घोड्यांना बांधलेल्या लाकडी टेकूंवर. भिंत आणि नळी यांच्यामध्ये आबांनी बोटभर फट ठेवली होती. त्या फटीतून कागद फिरवून बघितला आणि समाधानानं मान हलवली.

“कोर्टाचा अवमान न्हाई. आता पाणी चढवायचं.”

“वर कसं चढेल? पाणी खाली जातं.”

“हवा काढून घेतली की चढतं. आख्खी नदी मी ओढ्याच्या वरनं नेलीया, तू काय मला पाणी शिकवतीस.” त्यांनी नळीच्या माथ्यावर दवाखान्यातली सलाईनची बारीक नळी चिकटवलेली होती. “इथनं हवा ओढायची. दोन्हीकडनं पाणी वर येईल आणि एक होईल. एकदा झालं की मग सोडत न्हाई. तुझ्याकडलं कमी झालं तर माझ्याकडनं येईल, माझ्याकडलं कमी झालं तर तुझ्याकडनं. पातळी एकच.”

सलाईनची नळी तोंडात धरून त्यांनी हवा ओढली. पाणी दोन्ही पायांत थोडं वर सरकलं, आणि आबांना खोकला आला तसं परत खाली गेलं. दम्यानं त्यांची छाती आधीच भाता झाली होती. त्यांनी पुन्हा ओढलं, पुन्हा खोकले. इंदूताई आतून म्हणाल्या, “मामंजी, पुरे करा की आता.” मग ती नळी भिंतीवरून माझ्याकडे आली. मी ओढलं. माझ्या गालांचा फुगा झाला, डोळ्यांतून पाणी आलं, नळीत मात्र नाही. मला हसू फुटलं, तिकडे आबाही हसायला लागले आणि हसता हसता त्यांना परत उबळ आली.

तेवढ्यात फाटक वाजलं. आमचे हे बँकेतून आले होते.

ते पायरीवर थांबले. त्यांनी नळी बघितली, स्टूलवर चढलेल्या मला बघितलं. भिंतीपलीकडून खोकला येत होता, सुटा सुटा, श्वास न पुरणाऱ्या माणसाचा. मी मनात म्हटलं, आता ही नळी अंगणात जाणार. ह्यांनी पिशवी खाली ठेवली. सँडल काढले. मला हातानंच खाली उतर म्हणून सांगितलं आणि स्वतः स्टूलवर चढून सलाईनची नळी तोंडात धरली.

ओढायची, चिमटीत दाबून धरायची, श्वास सोडायचा, परत ओढायची. कपाळावर शिरा आल्या. पलीकडला खोकला थांबला होता. आबा भिंतीशी उभे असणार, कारण त्यांची टोपी स्थिर दिसत होती. दोघांची डोकी एकमेकांपासून हातभर अंतरावर, मधे ती नळी, आणि तिच्या दोन्ही पायांतून पाणी वर चढत होतं. ते माथ्यापर्यंत आलं, आडव्या भागात दोन्हीकडून सरकत आलं आणि मधोमध मिळालं. शेवटचा बुडबुडा सलाईनच्या नळीत गेला तसं ह्यांच्या तोंडात पाणी आलं. त्यांनी चाप दाबून नळी बंद केली, अंगणात जाऊन थुंकले आणि आत निघून गेले. जेवतानाही त्या विषयावर एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. विचारलं की माणूस मागं सरतो, हे लग्नानंतर पहिल्यांदा शिकले होते.

मासे काही लगेच पुलावर गेले नाहीत. नळीच्या तोंडाशी यायचे, वर बघायचे आणि परत फिरायचे. आबा भिंतीपलीकडून रोज विचारायचे, “शालन, काय हालचाल?” मी म्हणायचे, “वकिलाचा सल्ला घेतायत.” आमचे हे बाजूला पेपर वाचत बसलेले असायचे. पेपर उलटा नसायचा, एवढंच. नजर सगळी टाकीवर.

पहिला मासा आला तो आबांच्याच बाजूचा, शेपटीला पांढरा ठिपका असलेला. संध्याकाळची वेळ होती. तो नळीत शिरला, वर चढला आणि भिंतीच्या माथ्यावर मधोमध थांबला. मागून मावळतीचं ऊन येत होतं. भिंतीच्या वर, हवेत, एक मासा नुसता थांबलेला. पलीकडे आबा टोपी काढून बघत होते. अलीकडे हे पेपर टाकून उभे राहिले. मासा हळूच कलला आणि आमच्या टाकीत उतरला.

“आला,” आमचे हे म्हणाले.

माझ्याशी नव्हे. भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

“आला का?” पलीकडून आवाज आला.

मी श्वास धरून उभी होते. आता आणखी एक शब्द, नुसता एक, असं मनात म्हणत होते. हे भिंतीकडे एक पाऊल सरकले. पण तेवढ्यात तिकडच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली, हिंदुराव आले होते, आणि हे पेपर उचलून आत गेले. दिराचा मला त्या क्षणी एवढा राग आला की सांगता सोय नाही. तो माणूस आपल्याच घरी आला होता, हे नंतर कळलं.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात, कारण त्यापेक्षा बरे दिवस त्या व्हरांड्यात पुढं आले नाहीत. आबा सकाळी उठले की त्यांच्या टाकीत तांब्याभर ताजं पाणी घालायचे. आमच्या टाकीतलं पाणी केसभर वर सरकायचं. हे चहा घेऊन समोरच बसलेले असायचे, हल्ली आत जात नव्हते. म्हणायचे, “उठले.” एवढंच. कधी उशीर झाला तर दोनदा घड्याळ बघायचे. संध्याकाळी हे आमच्या बाजूनं तांब्याभर पाणी घालायचे आणि पलीकडे आबा इंदूताईंना सांगायचे, “बँक सुटली बघ.” इंदूताईंनी हे मला सांगितलं आणि मी ह्यांना. ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण दुसऱ्या दिवशी दोन तांबे घातले.

मी एकदा म्हटलं, “अहो, माशांना जमलं ते तुम्हाला जमेना होय? नुसतं पलीकडं जाऊन बसायचं.”

“कुठल्या तोंडानं जाऊ?” ते म्हणाले. “एवढं बोललोय मी.”

“बापाला काय तोंड दाखवायला लागतं?”

“दादा काय म्हणेल?”

तिथंच घोडं अडत होतं. दादा काय म्हणेल, लोक काय म्हणतील, कोर्टाच्या पुढच्या तारखेला वकील काय म्हणेल. राग कधीच विरला होता, राहिली होती ती नुसती लाज.

पावसाळा संपता संपता आबांचा दमा वाढला. एके दिवशी सकाळी पाणी वर सरकलं नाही. मी भाजी देण्याच्या निमित्तानं भिंतीशी गेले तर इंदूताई म्हणाल्या, “मिरजेला नेलंय, तपासायला. काय विशेष न्हाई. दोन दिवसांत येतील.” बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी ते ध्यानात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण कुकरची शिट्टी झाली आणि मी आत पळाले.

ह्यांना सांगितल्यावर ते उठून टाकीत तांब्याभर पाणी घालून आले. दोन दिवस दोन्ही वेळचं पाणी हेच घालत होते. रविवार आला. सकाळी दाढी करताना आरशातूनच मला म्हणाले, “शालन, आबा आले की मी जातो तिकडं.”

“खरंच?”

“दादा काय म्हणायचं ते म्हणू दे. पाया पडतो आणि बसतो. बोलतील न बोलतील.”

“त्यांना न बोलता राहवणार आहे का?” मी म्हटलं. माझ्या हातात लाटणं होतं, ते तसंच धरून मी उभी राहिले. मला रडू येत होतं आणि रविवारच्या सकाळी कारण नसताना रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी चुलीकडे वळले.

दुपारी जेवण करून हे टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. मी भांडी आवरत होते. त्यांनी हाक मारली, “अगं, टाकी गळतीया का बघ.”

मी आले. पाणी खरंच उतरलं होतं, चांगलं दोन बोटं. हे वाकून घोडीखाली हात फिरवत होते. फरशी कोरडी होती. आम्ही बघत होतो तोवर पाणी आणखी खाली गेलं. मासे पुलाकडून घाईनं खाली येत होते. नळीतून पाणी एकाच दिशेनं, पलीकडे, ओढलं जात होतं. माशांची विष्ठा, शेवाळाचे तुकडे, सगळं तिकडे सरकत होतं.

“आबा आले वाटतं,” मी म्हटलं. “टाकी साफ करत असतील.”

हे स्टूलवर चढले आणि पलीकडे बघितलं. मी खालून त्यांचं तोंड बघत होते. ते तसंच राहिलं, नुसता रंग गेला.

मग मीही बाजूच्या कट्ट्यावर चढले. इंदूताई बालदीनं टाकीतलं पाणी उपसून पायरीवरून अंगणात ओतत होत्या. पदराचा बोळा तोंडात धरलेला. आणि त्यांच्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात, घरातले सगळे हंडे, कळश्या, माठ, पिंप, ओळीनं पालथे घातलेले होते.

घरात माणूस गेलं की भरलेलं पाणी ओतून देतात. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं.

“वहिनी,” आमचे हे म्हणाले. “आबा?”

इंदूताईंनी मान वर केली नाही. बोलल्या नाहीत. बालदी खाली ठेवली आणि ओल्या हातानं नदीची दिशा दाखवली. घाटाची. घराची नाही.

हे स्टूलवरून उतरले नाहीत, पडलेच म्हणायचे. स्कूटर सुरू होईना तेव्हा ती फाटकात तशीच आडवी टाकून धावत गेले. पायात चप्पल नव्हती. त्याच वेळी आमच्या टाकीत नळीचं तोंड उघडं पडलं. मोठ्यानं हवा आत गेली, आणि पुलातलं सगळं पाणी दोन्हीकडे कोसळलं. शेपटीला ठिपका असलेला तो मासा वरच्या सपाटीवर राहिला. माझा हात तिथवर पोचला नाही. मी फार वेळ प्रयत्नही केला नाही, मला पलीकडे जायचं होतं.

मी रस्त्यावरून फिरून त्यांच्या दारानं आत गेले. वाटणी झाल्यापासून पहिल्यांदा. इंदूताईंना धरून बसले. “ताई, तोंडानं सांगायचं होतंत हो,” मी म्हटलं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. शेजारच्या बायका जमल्या. त्यातली एक कुजबुजली, “बाईचं डोकं फिरलंय, माशांचं पाणी पण ओतलं.” मला त्या बाईचा राग आला, पण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

हे तिन्हीसांजेला परत आले. अंगावर ओला टॉवेल, पायाला रक्त. मी पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही. घाटाच्या पायऱ्यांवर ते आधी पोचले होते. मिरजेहून गाडी नंतर आली, घरी न नेता थेट घाटावर. हिंदुराव गाडीतून उतरले, समोर धाकटा भाऊ उभा.

“दादा म्हणाला, तू येणार नव्हतास ना?” हे मला सांगत होते, भिंतीकडे बघत. “मी काय बोलणार. मग तो बाजूला झाला. कुणीतरी तांब्या दिला. मी पाणी घातलं, शालन. आबांच्या तोंडात मी पाणी घातलं.”

“बरं झालं,” मी म्हटलं.

“बाहेर आलं. ओठाच्या कडेनं सगळं बाहेर आलं. दादानं आपल्या टॉवेलनं पुसलं.”

त्यानंतर ते रडले. माझ्या नवऱ्याला मी तसं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाले, “दादानं सांगितलं, झोपेतच गेले. त्रास झाला न्हाई. काय बोलले न्हाईत, कुणाला हाक मारली न्हाई. तेवढं एक बरं झालं.” आणि तेच वाक्य त्यांनी धरून ठेवलं, बुडत्यानं धरावं तसं.

सुतक दोन्ही घरांना एकच. तेराव्यापर्यंत दोन्हीकडची चूल जवळजवळ एक झाली होती. भाऊ एकमेकांशी कामापुरतं बोलायला लागले होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष बाहेर गेले होते आणि इंदूताई रिकाम्या टाकीची काच घासत होत्या. मी मदतीला बसले.

“लोक मला येडी म्हणतात,” त्या म्हणाल्या.

“म्हणू देत. दुःखात माणसाला सुचत नाही.”

“सुचलं म्हणून तर केलं.” त्यांनी हातातली घासणी खाली ठेवली. “माशांचं पाणी कोण ओततं का गं? मला कळत न्हाई व्हय? ह्यांनी मला गळ्याची शपथ घातली हुती. फोनवर. म्हणाले, तिकडं एक शब्द कळवायचा न्हाई, तो येणार न्हाई म्हणाला हुता, आता न्हाईच येऊ दे. तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. नवऱ्याच्या गळ्याची शपथ मी कशी मोडू? हंडं ओतून झालं, आणि टाकीकडं बघितलं. मामंजी म्हणायचे ना, माझ्याकडलं कमी झालं की त्यांच्याकडनं येतंय. मला तोंड उघडायची बंदी हुती. पाणी उपसायची न्हवती.”

मी त्यांचा हात धरला. या बाईला मी तेरा दिवस मनातल्या मनात भोळी समजत होते.

“ताई, तुमच्यामुळं त्यांना शेवटचं तोंड तरी दिसलं,” मी शेवटी म्हटलं.

त्यांनी हात सोडवून घेतला.

“तसं म्हणू नको. दोन फोन आले हुते.”

“दोन?”

“एक दुपारी. गेले म्हणून. आणि एक सकाळी, चहाच्या वक्ताला. तवा मामंजी शुद्धीत हुते. जया आला का, जया आला का, सारखं इचारत हुते. म्हणून तर ह्यांनी शपथ घातली, मी सांगीन म्हणून. मी तिथंच बसले गं, फोनजवळ, डोक्याला हात लावून. भिंतीपलीकडं भावजी दाढी करत हुते, नळाचा आवाज येत हुता. टाकी माझ्या डोळ्यासमोर हुती. पाणी भरलेलं, मासे फिरत हुते. सकाळीच दोन बालद्या उपसल्या असत्या तर भावजी मिरजेला पोचले असते. पण माणूस गेल्यावर पाणी ओतायची रीत हाय. जिवंत असताना ओतायचं मला सुचलंच न्हाई.”

मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं त्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

“भावजींना सांगणार हायस?”

“नाही,” मी म्हटलं.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. कोर्टाचा निकाल लागला, भिंत आहे तिथंच आहे. हिंदुराव गेले, इंदूताई मुलाकडे पुण्याला असतात. ते सकाळचं हिंदुरावांनी धाकट्या भावाला का सांगितलं नाही, राग धरून की दया येऊन, हे मला कधी ठरवता आलं नाही. दरवर्षी आबांच्या श्राद्धाला चार माणसं जेवायला येतात. पानं वाढून झाली की कुणीतरी आबांचा विषय काढतं आणि आमचे हे सांगतात, “आबांना मरण मात्र चांगलं आलं. झोपेतच गेले. शेवटी कुणाची आठवण काढली न्हाई, कुणाला हाक मारली न्हाई.”

लोक म्हणतात, पुण्यवान माणूस. मी खीर वाढत पुढच्या पानाकडे जाते.